पथ्याची पेज

आजारी माणसाला जपणें म्हणजे काय, याविषयीं आमच्या घराण्याच्या कांहीं ठाम कल्पना होत्या. ताप असो, पोटाचें दुखणें असो, कीं मोठी शस्त्रक्रिया असो; रोग्यास अंथरुणावरून हलूं द्यावयाचें नाहीं, मऊ पेज, साबुदाण्याची खीर व मोसंब्याचा रस यांपलीकडे कांहीं जड पोटांत जाऊं द्यावयाचें नाहीं, आणि कोणी समाचारास आलें म्हणजे ‘आतां बरें आहे, हलकें खातात’ असें सांगावयाचें. या कल्पना कोणी वाईट हेतूनें रुजविल्या नव्हत्या. मुदतीच्या तापांतून माणसें याच पथ्यानें उठून बसलेलीं आमच्या आईनें आपल्या डोळ्यांनीं पाहिलीं होतीं. परंतु एक दुखणें घरांत असें आलें कीं, ज्यांत हीच माया उलटली. आणि तें आम्हांस उमगावयास तब्बल नऊ वर्षें लागलीं.

२००९ सालच्या श्रावणांत आमचे थोरले बंधु, ज्यांस घरांत लहानथोर सारे दादाच म्हणत, यांच्या जिभेच्या मुळाशीं गांठ असल्याचें निदान झालें. दादांची प्रकृति धिप्पाड. पंक्तींत त्यांच्या शेजारीं बसणाऱ्यास अंग चोरूनच बसावें लागे. जेवणानंतर पानाचा डबा पुढें ओढून अडकित्त्यानें सुपारी कातरण्याचा त्यांचा थाट पाहण्यासारखा असे. एका दाबासरशीं खांड पडे, आणि मग तंबाखूची चिमूट. सुपारी ही तंबाखूवांचूनहि कर्करोगास कारण होते, असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें २००४ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत दिलेला आहे. आमच्याकडे ती गणपति म्हणून पाटावर मांडावयाची व दक्षिणेबरोबर हातावर ठेवावयाची मंगल वस्तु! तिच्याविषयीं संशय कोण घेणार?

निदानापूर्वींच्या पांच महिन्यांत दादांचें वजन चौऱ्यायशीं किलोंवरून अठ्ठ्याहत्तरांवर आलें होतें. वैशाखांतल्या एका लग्नांत सोयऱ्याधायऱ्यांनीं त्यांचें अभिनंदनच केलें; ‘पोट उतरलें, दहा वर्षांनीं तरुण दिसतां’ असें जो तो म्हणाला. आम्हीही म्हणालों. मनांत नसतां कर्करोग्याचें वजन सहा महिन्यांत शेंकडा पांचांहून अधिक घटलें तर तो देहक्षय समजावा, अशी व्याख्या निरनिराळ्या देशांतील तज्ज्ञांनीं २०११ सालीं ठरविली. दादांच्या बाबतींत ही मर्यादा सव्वाचार किलोंची होते. त्यांचे सहा गेले होते, आणि आम्ही टाळ्या वाजवीत होतों.

पुण्यांतील एका रुग्णालयांत उपचार सुरू झाले. आठवड्यांतून पांच दिवस किरणोपचार, असे सात आठवडे, एकूण पस्तीस बैठकी. मधून मधून शिरेंतून सिस्प्लॅटिन नांवाचें औषध. पहिले दोन आठवडे सुखाचे गेले. तिसऱ्यापासून तोंडाचें आंतलें अस्तर सोलून निघालें. लाळ आटली. चव गेली, साखर मातीसारखी लागे, आणि वरणाचा वास आला कीं दादा तोंड फिरवीत. एक घोट पाणी उतरवावयाचें म्हणजे डोळ्यांतून पाणी येई. अशा माणसाला आग्रह कोणत्या तोंडानें करावा? वहिनी पेज करीत, ती गाळून देत. दिवसांतून तीन वाट्या पेज, एक वाटी साबुदाण्याची खीर, थोडें ताक व मोसंब्याचा रस, एवढ्यावर दादांचे दिवस जाऊं लागले, आणि तें ‘नियमित घेतात’ याचेंच आम्हांस समाधान वाटे.

पुढें या गोष्टीचा आम्हीं कागदावर हिशेब केला. कर्करोगाच्या रोग्यास रोज दर किलो वजनामागें एक ग्रॅमहून अधिक, शक्य तर दीड ग्रॅमपर्यंत प्रथिनें पोटांत गेलीं पाहिजेत, असें युरोपांतील आहारतज्ज्ञांचें मार्गदर्शन आहे. दादांना म्हणजे ऐंशी ते सव्वाशें ग्रॅम. तीन वाट्या पेजेंतील तांदूळ मुठीमुठीनें धरला तरी त्यांत पांच-सहा ग्रॅम, साबुदाणा तर निव्वळ पिष्ट, खिरीतल्या पेलाभर दुधाचे सहा, ताकाचे दोन-तीन, मोसंब्याचें नांवच घ्यावयास नको. सारें मिळून वीस ग्रॅमही भरेनात. ज्या पथ्यानें रोगी जगावयाचा, त्यांत त्याच्या गरजेचा चौथा हिस्साहि नव्हता.

रुग्णालयांत एक आहारतज्ज्ञ बाई होत्या. त्यांनीं पहिल्याच भेटींत दोन गोष्टी सुचविल्या. एक, रोज दोन-तीन अंडीं, निदान त्यांतला पांढरा भाग. आणि दुसरी, गिळणें फारच अवघड होण्यापूर्वींच नाकांतून पोटांत बारीक नळी घालून घ्यावी, म्हणजे अन्न थांबणार नाहीं. पहिल्या गोष्टीस आम्हीं जागच्या जागीं, कांहींशा अभिमानानेंच, उत्तर दिलें, ‘आमच्या घरांत तें चालत नाहीं.’ दादांना विचारलें नाहीं, आईला विचारलें नाहीं. बाईंनीं मान डोलावली व पुढच्या रोग्याचा कागद घेतला. अंडें नाकारल्याचा दोष आज आम्ही स्वतःस देत नाहीं. त्याच्या जागीं काय द्यावें हें विचारण्याचें सुचलें नाहीं, हा दोष मात्र आमचाच. नळीच्या बाबतींत तर सारें घर एक झालें. नळी लागली म्हणजे माणूस संपला, अशी आमची समजूत. चुलत्यांच्या शेवटच्या दुखण्यांत ती लागलेली आम्हीं पाहिली होती. दर सोमवारीं रुग्णालयांत वजन होई, कार्डावर आंकडा पडे. तो आंकडा आम्हांस कोणीं वाचून दाखविला नाहीं, आणि आम्हींहि विचारला नाहीं. आमचें सारें लक्ष गांठ किती उरली याकडे.

दिवाळींत व्याही भेटीस आले. दादांनीं संवयीनें डबा पुढें ओढला. स्वतः कांहीं खाणार नव्हते, पाहुण्यांसाठीं म्हणून अडकित्त्यांत सुपारी धरली. ती फुटेना. दोन्ही हातांनीं दाबली, तरी फुटेना. क्षणभर कोणीच बोललें नाहीं. मग वहिनींनीं हलकेच अडकित्ता काढून घेतला व ‘ओली दिसते’ असें म्हणून आंत गेल्या. सुपारी खडखडीत वाळलेली होती. हाताच्या पकडीचें बळ मोजण्याचें एक साधें यंत्र असतें, आणि पुरुषाची पकड अठ्ठावीस किलोंच्या खालीं आली तर स्नायु खचले आहेत असें समजावें, असा दंडक आशियांतील वैद्यांच्या मंडळानें २०१९ सालीं घातला आहे, हें आम्हीं पुष्कळ मागाहून वाचलें. आमच्या घरांत तें यंत्र पितळेचें होतें, आणि त्यानें त्या दिवशीं स्वच्छ सांगितलें होतें. आम्हीं त्यावर उपाय केला तो असा कीं, दादांना त्या दिवसापासून जिना उतरूं दिला नाहीं.

पौषाच्या अखेरीस डॉक्टरांनीं तपासून सांगितलें कीं, गांठ दिसत नाहीं. आम्हीं पेढे वाटले. माघांत दादांना ठसका लागून ताप भरला. घोटाघोटाला कांहीं अंश श्वासनलिकेंत जात होता, आणि तो खोकून बाहेर टाकण्याइतकें बळ छातींत उरलें नव्हतें. नवव्या दिवशीं दादा गेले. शेवटचें वजन एकसष्ट किलो. कर्करोगानें गेले असेंच आम्ही लोकांना सांगितलें, आणि कागदोपत्रींहि तसेंच असेल. पण जो रोग बरा करावयास आम्ही निघालों होतों तो त्या दिवशीं त्यांच्या शरीरांत कोणास दिसत नव्हता.

या गोष्टीचा उलगडा आम्हांस झाला तो २०१८ सालीं, आमच्या आतेबंधूंच्या गालांत आंतल्या बाजूस कर्करोग निघाला तेव्हां. त्यांच्यावर शस्त्रक्रिया करणाऱ्या तरुण डॉक्टरांनीं मानेच्या सीटी स्कॅनचें चित्र पडद्यावर लावून आम्हांस समोर बसविलें. आम्हीं अर्थातच गांठ कोठें आहे तें विचारलें. ती दाखवून झाल्यावर ते म्हणाले, ‘आतां हें पाहा,’ आणि मानेच्या तिसऱ्या मणक्याभोंवतींच्या करड्या पट्ट्यांवर त्यांनीं बोट ठेवलें. ते स्नायु होते.

अंगांतील एकंदर मांस किती, याचा अंदाज पूर्वीं कमरेच्या तिसऱ्या मणक्याच्या पातळीवरील चित्रावरून करीत. पण तोंडाच्या वा घशाच्या रोग्याच्या कमरेचें चित्र काढण्याचें सहसा कारण पडत नाहीं. नेदरलंड्समधील उत्रेख्त येथील डॉक्टरांनीं २०१६ सालीं असें दाखविलें कीं, मानेच्या तिसऱ्या मणक्यापाशीं दिसणाऱ्या स्नायूंच्या मोजमापावरूनही तोच अंदाज बांधतां येतो. म्हणजे गांठीसाठीं काढलेल्या चित्रांतच रोग्याच्या देहबळाचाहि हिशेब लिहिलेला असतो, वाचणारा पाहिजे. आम्हांस गंमत वाटली ती निराळीच. सुश्रुतानें मांसक्षयाचीं लक्षणें सांगतांना कुल्ले, गाल, मांड्या, पोटऱ्या यांबरोबर मान सुकण्याचाही उल्लेख केलेला आहे. इंग्रजींत या अवस्थेस ‘सार्कोपेनिया’ म्हणतात. ग्रीक भाषेंतील मांस व दारिद्र्य या दोन शब्दांवरून रोझेनबर्ग नांवाच्या अमेरिकन आहारशास्त्रज्ञानें हा शब्द १९८९ सालीं योजला. मांसाचें दारिद्र्य! दादांचे दंड आठवले, आणि शब्द अगदीं नेमका वाटला.

याच २०१६ सालीं टेक्सासमधील डॉक्टरांनीं किरणोपचार घेतलेल्या मान व मुखाच्या १९० कर्करोग्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतील सुमारें तिसऱ्या हिश्शाचे स्नायु उपचार सुरू होण्यापूर्वींच खचलेले होते, आणि असे रोगी इतरांच्या मानानें लवकर गेले. उपचारांच्या शेवटीं ज्यांचे स्नायु खचलेले आढळले त्यांचीहि तीच गत. लक्षांत ठेवण्यासारखी गोष्ट ही कीं, वजन घटूनहि ज्यांचे स्नायु शाबूत राहिले, त्यांच्या आयुष्यावर घटलेल्या वजनाचा तसा परिणाम दिसला नाहीं. म्हणजे कांटा किती उतरला यापेक्षां काय उतरलें, हें महत्त्वाचें. स्थूल माणसाच्या बाबतींत तर हा कांटा पक्का फसवा. चरबीच्या दुलईखालीं मांस झिजत असतें आणि पाहणारे त्याचें अभिनंदन करतात.

मांस जातें तरी कां? खाणें बंद पडतें हें एक कारण झालें. पण निरोगी माणूस उपाशी राहिला तर त्याचें शरीर कांहीं दिवसांनीं शहाणपणानें चरबी जाळूं लागतें व मांस शक्य तितकें राखून ठेवतें. कर्करोगांत तें शहाणपण सुटतें. गांठ आणि तिच्याशीं झुंजणाऱ्या पेशी मिळून रक्तांत असे दाहकारक पदार्थ सोडतात कीं, स्नायु मोडण्याचें काम अन्न मिळत असतांहि चालूच राहतें. म्हणून नुसतें ‘भरपूर खाऊं घाला’ म्हणून सारें भरून निघत नाहीं. त्यांत आम्ही रोग्याला निजवून ठेवतों. आणि न वापरलेला स्नायु तर धडधाकट माणसाचाहि आठवड्या-दोन आठवड्यांत उतरतो.

आणि मांस म्हणजे केवळ ओझीं उचलण्याचें साधन नव्हे. गिळणें हें स्नायूंचें काम, खोकणें हें स्नायूंचें काम, श्वास हेंहि त्यांचेंच काम. संकटकाळीं शरीर जखमा भरण्यास व जंतूंशीं लढण्यास लागणारीं द्रव्यें याच कोठारांतून काढतें. औषधाचाहि प्रश्न आहे. सिस्प्लॅटिनची मात्रा रोग्याची उंची व वजन यांवरून ठरवितात. सारख्याच उंचीच्या व वजनाच्या दोन माणसांस सारखीच मात्रा मिळते. पण एकाचें वजन मांसाचें व दुसऱ्याचें चरबीचें असेल, तर मांस कमी असणाऱ्यास तीच मात्रा अधिक बाधते. उलट्या, मूत्रपिंडाचा त्रास, रक्तांतील पेशी उतरणें असे प्रकार होऊन उपचार मध्येंच थांबवावे लागतात; आणि किरणोपचारांत खंड पडला कीं गांठीला उसंत मिळते.

हें सारें ऐकून आम्हीं डॉक्टरांस एकच प्रश्न विचारला, तो कोणत्या हें वाचकांच्या ध्यानांत येईलच. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘तसें सांगतां येणार नाहीं. मोठी गांठ स्वतःच मांस खाते. त्यामुळें स्नायु गेले म्हणून रोगी गेला, कीं रोग जबर होता म्हणून स्नायूहि गेले आणि रोगीहि, हें एका माणसाच्या बाबतींत उलगडत नाहीं. मांस राखलें तर आयुष्य किती वाढतें, याचा पक्का पुरावा अजून गोळा होत आहे. पण उपचार पुरे व्हावयास, गिळतां यावयास, चालतां यावयास तें लागतें, एवढें खात्रीनें सांगतों.’ त्यांनीं खोटी समजूत घातली नाहीं, याबद्दल आम्ही त्यांचे ऋणी आहों.

आतेबंधूंचें दुखणें आम्हीं निराळ्या रीतीनें काढलें. शस्त्रक्रियेनंतर नाकांतून नळी लागली, ती कोणी अशुभ मानली नाहीं. तिच्यांतून पातळ गाळीव वरण, दूध, दुधाची भुकटी, सातूचें पीठ, तूप असें मोजून जाऊं लागलें. किरणोपचार सुरू झाले तेव्हां अंड्याचा प्रश्न पुन्हां निघाला, आणि आमच्या घरांत त्यावर तीन दिवस परिषद भरली. ज्यांस त्या बाबतींत कांहीं बोलण्याचा अधिकार नव्हता तेहि बोलले. चौथ्या दिवशीं आई, वय वर्षें अठ्ठ्याऐंशी, माळ बाजूला ठेवून म्हणाली, ‘गच्चींत शेगडी मांडा आणि द्या त्याला. औषधाला कसलें आलें सोंवळें?’ आम्ही म्हणालों, ‘पण आई, दादाच्या वेळीं...’ ती म्हणाली, ‘दादाच्या वेळीं मला कोणीं विचारलें होतें?’

यावर बोलण्यासारखें आमच्याजवळ कांहीं नव्हतें, आजहि नाहीं.

गच्चींत शेगडी मांडली, अंडें शिजलें, आणि पहिल्याच चमच्याला आतेबंधूंस उमळ आली. किरणांनीं चव-वास बिघडलेल्या तोंडाला तो वासच सोसेना. तीन दिवसांच्या परिषदेचा असा निकाल लागला! आहारतज्ज्ञ बाई हंसल्या व म्हणाल्या, ‘हरकत नाहीं, गाईच्याच मार्गानें जाऊं.’ मग चक्का, कुस्करलेलें पनीर, घट्ट दूध, मऊ मुगाची खिचडी तुपांत भिजवून, असें दोन-दोन तासांनीं थोडें थोडें. पेज बंद झाली नाहीं. पण तिच्यांत दुधाची भुकटी कालविल्याशिवाय ती कोणी देईना. वजनाचा आंकडा स्वयंपाकघरांतील दिनदर्शिकेवर दर सोमवारीं लिहिला जाई. चार किलो गेले, पण चारच.

निजून राहण्यावर तर बंदीच होती. रोज सकाळीं खुर्चीवरून हात न टेकतां दहा वेळां उठावयाचें, रामरक्षा म्हणून होईपर्यंत गॅलरींत फेऱ्या घालावयाच्या, पाण्यानें भरलेले तांबे दोन्ही हातांनीं खांद्यापर्यंत उचलावयाचे. डेन्मार्कमध्यें अशाच रोग्यांस किरणोपचारांनंतर बारा आठवडे वजनें उचलावयास लावून त्यांचे स्नायु पुन्हां वाढल्याचें २०१३ सालीं दाखविलेलें आहे. आमच्याकडे वजनें नव्हतीं, तांबे होते. जबडा आंखडूं नये म्हणून बर्फाच्या कुल्फीच्या लांकडी काड्या एकावर एक रचून दातांमध्यें धरण्याचा व्यायाम असे. आज चौदा, उद्यां पंधरा, असा हिशेब घरांतलीं मुलें ठेवीत. गिळण्याचा सराव तर दुखत असतांही सोडावयाचा नाहीं, अशी ताकीद होती. घसाहि वापरला नाहीं तर विसरतो.

आतेबंधु आज हयात आहेत. त्यावरून कांहीं सिद्ध होतें असें आम्ही म्हणणार नाहीं. त्यांची गांठ लहान होती, वेळेवर सांपडली होती, दादांची तशी नव्हती. पंक्तींत ते सर्वांच्या मागून उठतात, कारण प्रत्येक घासाला पाणी लागतें. कोणी तरी त्यांच्या शेजारीं बसून राहतें.

श्रीरामकृष्ण परमहंस १८८६ सालीं गळ्याच्या कर्करोगानेंच गेले. शेवटच्या दिवसांत घशाखालीं कांहीं उतरेना, देहाचा सांपळा झाला, तेव्हां नरेंद्रादि शिष्यांनीं त्यांस एकच गळ घातली होती कीं, कालीमातेजवळ निदान अन्न गिळतां यावें एवढें तरी मागा. हा प्रसंग आम्हीं लहानपणापासून ऐकला होता, तो त्यांतील अध्यात्मासाठीं. त्या तरुण मुलांना आपले गुरु डोळ्यांदेखत झिजतांना दिसत होते, हें आम्हांस दादा गेल्यावर दिसलें.

हा लेख लिहावा कीं नाहीं, याविषयीं आम्ही पुष्कळ दिवस घोळत होतों. वहिनी आमच्याच घरांत आहेत, आणि हें मासिकही वाचतात. पेजेचा हिशेब छापून आला तर त्यांना काय वाटेल? शेवटीं लेख लिहून झाल्यावर तो त्यांच्याच हातीं दिला. त्यांनीं चष्मा लावून तो सबंध वाचला, घडी घातली, आणि बराच वेळ मांडीवर ठेवून त्या बसल्या. मग म्हणाल्या, ‘भावजी, एक चुकलें आहे. पेज नुसती नसे. मी तींत रोज चमचाभर लोणी घालीत असें. त्यांना कळूं न देतां. तेवढें लिहा.’